चहा, घोडा, औषध : जाहिरात आणि आप्तवाक्य

आजचा विषय कळल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, आयुष्यभर न्याय-मीमांसा शिकवलीत, आता चहाच्या पुड्यांवर बोलणार?" त्याला म्हटलं, बाबा रे, दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास कधी ठेवायचा, हा न्यायदर्शनातलाच प्रश्न आहे. आणि आपल्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, घोडेगावच्या आणि काष्टीच्या बाजारात तो दर आठवड्याला विचारला जातो.

खेड्यातल्या गिऱ्हाइकाला माल कसा विकतात यावर शहरात बसून लिहिणारे बहुतेक जण एक गोष्ट गृहीत धरतात. गिऱ्हाईक भोळं आहे. मला हे पटत नाही. याच जिल्ह्यात मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' काढलं आणि पुढे नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते वर्षानुवर्षं चालवलं. धर्माच्या नावावर होणारी फसवणूक उघडी करणारं ते पत्र शेतकरी वाचत होता. तेव्हा भोळेपणा हे उत्तर पुरत नाही.

चहा घ्या. चहा आपल्या घरात जाहिरातीतूनच आला. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून देशातल्या देशात प्रचार सुरू झाला. रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करायचा हे सांगणाऱ्या पाट्या, बाजारात फुकट कप, एका पैशाची पुडी. गांधीजींचा चहाला विरोध होता, तरी चहा जिंकला. कारण त्या जाहिरातीत बोलणं कमी आणि कप जास्त होता. प्या आणि ठरवा! पुढे सीटीसीचा दाणेदार चहा आला. थोड्या पुडीत गडद रंग, आणि दूध-साखर घातली तरी टिकणारी चव. त्यामुळे 'कडक' हा शब्द जाहिरातीतला असला तरी खोटा नव्हता.

माझी तक्रार 'दर्जेदार' या शब्दाबद्दल आहे. पुड्यावर हसरं कुटुंब असतं. चहा कुठल्या भागातला, पत्ती किती आणि भुकटी किती, हे फारसं सापडत नाही. मग दर्जा ठरतो तो रंगावर. आणि रंग तर वापरलेल्या पुडीलाही चढवता येतो. ओल्या पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर चहा पसरून ठेवा. लगेच रंगाचे डाग उमटले तर समजा, वरून रंग दिलेला आहे. हे पुड्यावर छापायला कितीशी जागा लागते? तरीही चहाचं एक बरं आहे. फसलात तर एका कपात कळतं, पुढच्या बाजाराला दुकान बदलता येतं.

घोड्याचं जरा वेगळं. त्यासाठी सारंगखेड्याला जायला हवं. तापीच्या काठी, दत्तजयंतीची यात्रा. तिथे पैदाशीच्या घोड्याची स्तुती ऐकावी! रंग, उंची, आई-बाप, कुठला भोवरा शुभ, गळ्याला देवमण आहे की नाही. किंमत कोटीत सांगतात आणि वर म्हणतात, विकायचा नाही. मीमांसक अशा वाक्यांना अर्थवाद म्हणतात. स्तुतिवाक्य स्वतः काही आज्ञा करत नाही, एखाद्या कृतीकडे तुमचं मन वळवतं. इथली कृती म्हणजे आपली घोडी त्याच घोड्याकडून फळवून घेणं. पण जाणता माणूस स्तुतीला स्तुतीच समजतो. तो आधी घोड्याचं तोंड उघडून दात पाहतो, चालवून पाहतो, पाय उचलून खूर पाहतो, त्याची आधीची शिंगरं कुठे आहेत ते विचारतो. अकरा महिन्यांनी शिंगरू होतं, ते कसं निघालं हे समजायला आणखी दोन-तीन वर्षं लागतात. निकाल उशिरा लागतो, पण लागतो. भोवऱ्यांवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही, हे सांगून टाकतो.

आता औषध. इथे निकालच लागत नाही.

मी दहा-बारा वर्षांचा असताना माझ्या थोरल्या बहिणीला कावीळ झाली. वडिलांनी बाजारातून एक पुडी आणली. विकणाऱ्याचं नाव आज सांगत नाही. तीन आठवड्यांत ताई बरी झाली. कावीळ बऱ्याचदा आपोआप उतरते, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक होतं? पुढची काही वर्षं आम्ही सगळ्या गावाला त्या पुडीचं नाव सांगत होतो. मग माझ्या मामेबहिणीला कावीळ झाली, तिला सातवा महिना होता. गरोदरपणातली कावीळ फार घातक ठरू शकते. मामांनी दवाखाना लांबवला आणि पुडी दिली, कारण आम्ही सांगितलं होतं. ती गेली.

त्या विक्रेत्याने मामांना एक शब्दही सांगितला नव्हता. जाहिरात आम्ही केली होती.

न्यायात 'आप्त' म्हणजे जो वस्तू प्रत्यक्ष जाणतो आणि जशी जाणली तशी सांगू इच्छितो तो. वात्स्यायन म्हणतो, हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखंच लागू आहे. म्हणजे नात्याचा संबंध नाही. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक! घरगुती औषधाचा सगळा धंदा या दोन अर्थांच्या सरमिसळीवर चालतो. आम्ही मामांचे आप्त होतो आणि सांगण्याची इच्छाही प्रामाणिक होती. पण कावीळ कशाने उतरली हे आम्हाला कळलेलं नव्हतं.

१९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्यात तोंडी जाहिरातही धरली जाते. पण काळजीपोटी बोलणाऱ्या मावशीला कुठला कायदा धरणार? विक्रेत्यांना हे नीट माहीत आहे. म्हणून तर जाहिरातीत आजी असते, आजीचा बटवा असतो.

दुसरं, विश्वास एका मालावरून दुसऱ्या मालावर सरकतो. 'सपट' हे नाव आपल्याकडे गजकर्णाच्या लोशनवरही आहे आणि चहाच्या पुड्यावरही. त्यात गैर काही नाही, दोन्ही वापरून पाहता येतात. पण चहाने कमावलेली पत उद्या कुणी मधुमेहाच्या काढ्याला लावली, तर तिथे गिऱ्हाइकाच्या हातात टिपकागद नसतो.

मी आयुर्वेदाविरुद्ध बोलत नाही. याच नगरला गंगाधरशास्त्री गुण्यांनी १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय काढलं आणि 'औषधीगुणधर्मशास्त्र' लिहिलं. औषध कोणत्या अवस्थेत द्यायचं याचा विचार करणं ही त्या शास्त्राची शिस्त आहे. जाहिरातीला त्यातलं फक्त नाव हवं असतं, अवस्था नको असते.

ताई आता ऐंशीच्या पुढे आहे. "पुडीनेच बरी झाले," असं अजून म्हणते. मी वाद घालत नाही. कुणी त्या पुडीचं नाव विचारलं, तर सांगत नाही. बरं, आता प्रश्न घेऊ या.