बाकडं, पखवाज आणि परमुलूख

१९७१चं युद्ध संपलं आणि लगोलग लता मंगेशकर बांगलादेशात गेल्या. सुनील दत्त यांच्या कलाकारांच्या ताफ्यात त्या होत्या. सैन्याच्या विमानांतून ठिकठिकाणी जाऊन आम्ही जवानांसाठी कार्यक्रम केले, असं पुढे त्यांनीच सांगितलं. नंतर १९७४ साली त्या लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. त्याचं कौतुक खूप झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण परमुलखात जाऊन गाणं म्हटलं की मला आधी तो बांगलादेशचा दौरा आठवतो. मी पखवाजी आहे, त्यामुळे माझं लक्ष गायकाच्या शेजारी बसलेल्यांकडे जातं. गाव बदललं की हवा बदलते, हवा बदलली की चामडं बदलतं. विमानातून उतरायचं, समोर लढाईतून परत आलेली पोरं बसलेली, आणि आपण हातोडी घेऊन वाद्य सुरात आणतोय! त्या वादकांच्या घाईची मला पुरती कल्पना आहे.

अशा दौऱ्यांची आपल्याकडची परंपरा लहान नाही. १९६२च्या चीन युद्धात विठाबाई नारायणगावकर तमाशा घेऊन सीमेवरच्या जवानांपुढे उभ्या राहिल्या. तमाशाला नावं ठेवणाऱ्या पांढरपेशांनी ही गोष्ट सोयीस्करपणे विसरून टाकली, ते सोडा. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची व्हेरा लिन १९४४ साली ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाऊन गायली. त्याच वर्षी आपले मराठे इटलीत लढत होते. नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथल्याच, जुलै महिन्यातल्या लढाईत मरणोत्तर. त्या पोरांच्या कानावर तिकडे मराठी गाणं किती पडलं असेल?

आमच्या गावचे एक सुभेदार, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, जत्रेतल्या दशावताराला अगदी पुढे बसतात. आख्यान लागलं की मान पखवाजावर. शांतिसेनेबरोबर ते श्रीलंकेत होते. तिथे त्यांच्या कंपनीत कुणाकडे तरी ‘वस्त्रहरण’ची कॅसेट होती. गंगाराम गवाणकरांचं नाटक, मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच. फीत इतकी वाजली की आवाज थरथरायला लागला, तरी काढून ठेवायला कुणी तयार नाही. सुभेदार म्हणतात, “हसान हसान पोट दुखा, आणि मगे घर आठवा.”

पण त्यांची खरी गोष्ट पुढेच आहे. गणपतीत मंदिर परेडला भजनं व्हायची, ढोलकी आणि पेटी पलटणीचीच. एका वर्षी त्यांच्यातल्या वेंगुर्ल्याच्या एका गड्याने भजन संपल्यावर काळं कांबळं डोक्यावरून घेतलं, तोंडापुढे लाल चिंधीची जीभ सोडली आणि दशावतारातला संकासुर होऊन थेट साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. दोन काळ्या ट्रंका एकमेकींना लावून बाकडं केलेलं. पखवाज म्हणून रिकामा जेरीकॅन. पलटणीच्या पंडितजींनाच भटजी करून पुढे ओढलं. प्रेक्षकांत सातारचे, कोल्हापूरचे, बेळगावचे गडी. त्यांना त्यातली निम्मी मालवणी कळत नव्हती, तरी संकासुराने भटजीला छळायला सुरुवात केली तशी सगळी पलटण लोळायला लागली. संहिता नाही, तालीम नाही. “ती लागता कित्याक?” असं सुभेदार मलाच विचारतात.

बरोबरच आहे त्यांचं. दशावतार बांधलाच आहे तो असा, कुठेही उचलून नेता येईल म्हणून. मंडळी मोचेमाडकरांची असोत, वालावलकरांची असोत की आरोलकरांची, त्यांचा सगळा संसार एका पेटाऱ्यात. तो डोक्यावर घेऊन एका देवळाहून दुसऱ्या देवळाकडे चालत जायचं, हीच जुनी रीत. रंगकाम ज्याचं त्याने करायचं. समोर एक बाकडं. ते दरबार असतं, रथ असतो, कैलासही तेच. आख्यान कुठलं ते संध्याकाळी ठरतं, संवाद उभ्या-उभ्या रचले जातात. वादकाला नटाच्या डोळ्याकडे आणि पायाकडे बघतच वाजवावं लागतं. युद्धाला उभे राहिलेले दोन राजे कधी गिरकी घेतील हे त्यांनाच आधी ठाऊक नसतं, मला कुठून असणार? पाय उचललेला दिसला की बोट तयार ठेवायचं, एवढंच.

तुमच्या मंडळाने आम्हाला आखातात दशावतार करायला बोलावलं तेव्हा माझ्या मनात हेच होतं. तिथल्या हॉलमध्ये पाऊल टाकलं तर गार कोरडी हवा. आमच्याकडे दर्यावरच्या दमट वाऱ्याने पखवाज उतरतो, तिथे उलट चढत गेला. डाव्या तोंडाला लावलेली कणीक आख्यान अर्ध्यावर येईतो सुकून तिला भेगा पडल्या. मी वाजवता-वाजवता पाण्याचं बोट फिरवत होतो. पायपेटी विमानात कोण चढवू देणार, म्हणून तुमच्यातल्याच एका वहिनींची हातपेटी घेतली. आमच्या नायकाची काळी चार त्या पेटीत जरा पातळ लागली, पण लागली.

आणि मग संकासुर आला. गावात तो सरपंचाची, एसटीची टिंगल करतो. तुमच्याकडे त्याने पहिल्याच वाक्याला विचारलं, “काय भटजीनू, व्हिसो गावलो?” हॉल कोसळला. असली ओळ घरून लिहून नेता येत नाही. ती तुम्हाला समोर बघूनच त्याला सुचली. मागच्या रांगेत कामाच्या कपड्यांतच आलेली काही पोरं बसली होती, देवगड-मालवणकडची. पाळीवरून थेट आलेली. ती हसत होती तेव्हा मला सुभेदारांची पलटण दिसली. फौजी आणि परदेशातला चाकरमानी यांची बरोबरी मी करणार नाही, बंदुकीपुढे उभं राहणं वेगळंच. पण रजा मंजूर होईपर्यंत घर लांब, ही गोष्ट दोघांचीही सारखीच.

तुमच्यातल्या हौशी मुलांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला त्यांचा स्वतःचा प्रवेश करून दाखवला, त्याबद्दल थोडं स्पष्ट लिहितो. मुलं गुणी आहेत. ज्याने गणपती केला त्याचं चालणं आमच्याकडच्या कसलेल्या नटासारखं ठाय होतं. स्त्रीपार्टी करणाऱ्याने पदर सांभाळला तो बघून आमच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. पण मागे पडद्यावर सरकणारं चित्र होतं आणि संगीत आधीच ध्वनिमुद्रित केलेलं. त्यामुळे नटाला एखादं वाक्य जास्त सुचलं तरी बोलता येईना, कारण ठेका पुढे निघून जात होता. रात्रभराचा खेळ तुम्ही दोन तासांत बसवता, त्याला माझी हरकत नाही. हॉलचं भाडं मला कळतं. आख्यानाआधीचा आड दशावतार थोडक्यात आटपा, पहाटेची दहीहंडी रात्री दहाला फोडा. ध्वनिमुद्रित ठेका मात्र टाका. त्यापेक्षा कुणी डबा वाजवला तरी चालेल, वाजवणारा जिवंत माणूस हवा. त्या जेरीकॅनवाल्याला काय येत होतं? समोरच्याचा पाय बघता येत होता.

ज्या दोन मुलांनी माझ्याकडून धुमाळीचे बोल लिहून घेतले, त्यांनी ते वहीत न ठेवता रोज तोंडाने म्हणावेत. पुढच्या खेपेला पखवाज मी तुमच्याकडेच ठेवून जाणार आहे. तेव्हा आत्तापासून सांगून ठेवतो: उन्हात ठेवायचा नाही, एसीच्या झोताखाली तर मुळीच नाही. वाजवून झालं की डावी बाजू ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, सुकलेली कणीक नखाने खरवडायची नाही. आणि कणीक गव्हाचीच भिजवा, मैद्याची नको.