राहुटीमागचे कसब

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला फडांच्या राहुट्या पडतात आणि वर्तमानपत्रांत ठरलेली बातमी येते: तमाशापंढरी गजबजली, अमक्या फडाला तमक्या लाखांची सुपारी. त्यामागोमाग हळहळही येते. वग संपला, लावणी बिघडली, प्रेक्षक राहिला नाही. यातले बरेचसे खरे आहे. पण ज्या कसबावर तमाशा रोज रात्री नव्या गावात उभा राहतो, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, आणि माझ्या मते आज सर्वांत झपाट्याने झिजते आहे ते नेमके तेच.

जुन्नर-आंबेगावातली कुठलीही यात्रेची पत्रिका घ्या. पहाटे अभिषेक, दुपारी बैलगाडे, रात्री लोकनाट्य तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी. पत्रिकेतल्या या दोन ओळींमागे मोठ्या फडाची शंभराच्या आसपास माणसे राबत असतात. हजेरी आटोपली की स्टेज उतरवायचे, ट्रक भरायचे, पुढचे गाव गाठायचे. तिथे देवळाजवळचे पटांगण किंवा नांगरून सोडलेले वावर, मिळेल ते घ्यायचे. जमिनीचा उतार, वाऱ्याची दिशा आणि जनरेटर कुठे ठेवला तर त्याची घरघर गाण्यात येणार नाही, हे फडातला जुना माणूस गाडीतून उतरता उतरता ताडतो. ते त्याला कोणी शिकवलेले नसते. पोरवयात तो पहारी-मेखा वाहायला आला, मग दोर ताणायला लागला, मग वायर ओढायला. तमाशातले बहुतेक शिक्षण असेच झाले आहे. नाचणारीची मुलगी विंगेत बसून पाठ करते, ढोलकीवाल्याचा पोरगा आधी ढोलकी उचलतो आणि मग वाजवतो.

मायक्रोफोन येण्याआधी आवाज लांबवर पोचवण्याची सोय खुद्द तमाशाच्या रचनेतच होती. सुरत्या आणि झीलकरी मागे उभे राहून ओळीचा शेवट उचलत, तेव्हा गाणारीला श्वास घ्यायला उसंत मिळे आणि पार मागच्या माणसालाही शब्द ऐकू जात. गणाआधी ढोलकी-हलगीची जुगलबंदी रंगे, तीही गल्लीबोळांतली माणसे फडाकडे खेचण्यासाठी. रात्री दव पडले की हलगीचे कातडे सैल पडते आणि बोल बसतो. मग ती शेकोटीवर धरून तापवतात. किती तापवायची हे बोटांना कळते. जरा जास्त झाले तर कातडे फाटते.

बतावणीकडे विनोद म्हणूनच पाहिले जाते. पण मागे नटी लुगडे बदलत असताना, वगातला राजा अजून अर्धा रंगलेला असताना सोंगाड्या जो वेळ भरून काढतो, तीही बतावणीच. विठाबाई नारायणगावकरांची (१९३५-२००२) गोष्ट महाराष्ट्र सांगत आला आहे: खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. त्यांच्या धैर्यापुढे कोणीही नमेल. मला मात्र नेहमी प्रश्न पडतो की तेवढा वेळ पुढचे पब्लिक धरून कोणी ठेवले? विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ढोलकीवर आणि बतावणीत जे कोणी होते त्यांची नावे मात्र गोष्टीत राहिलेली नाहीत.

उजेड टेंभ्यांवरून गॅसबत्तीवर आला, गॅसबत्तीवरून जनरेटरवर. वगात एका गिरकीत राजवाड्याचे जंगल होई, तिथे रंगवलेले पडदे आले आणि पुढे ट्रिकसीनही आले. यात नाक मुरडण्यासारखे मला काही वाटत नाही. काळा पडदा, अंधार, नेमका दिवा आणि क्षणात जागा बदलणारा नट यांच्या जोरावर हजारोंना थक्क करणे ही अस्सल रंगकला आहे. बिघाड पुढे झाला. भाड्याच्या स्पीकरभिंती आणि भगभगणाऱ्या दिव्यांनी बोर्डाचा ताबा घेतला. ढोलकीला इतका एको देतात की चाटेचा बोल आणि धुमेचा घुमारा एकमेकांत कालवले जातात. रंगबाजीतली सिनेमाची गाणी लांबत गेली आणि वग तासाभरावर आला.

याचा सगळा दोष फडमालकाच्या माथी मारता येत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सवलत मिळालीच तर वर्षातल्या मोजक्या दिवशी, तीही बारापर्यंत. झोपणाऱ्यांचा हक्क मला मान्य आहे. पण पहाटेपर्यंत रंगण्यासाठी घडलेली कला दोन-तीन तासांत कोंबायची म्हटल्यावर कात्री वगावरच चालणार. त्यात सुपारीचा तमाशा गावाला फुकट, म्हणून कनातीची गरज उरली नाही. तिकिटाचे खेळ कमी झाले आणि कनात ताणणारे हातही. कोरोनाच्या दोन वर्षांत यात्राच बंद झाल्या, उचल घेतलेली माणसे बसून राहिली. कोणी मंडपवाल्याकडे गेले, कोणी शेतात.

शिक्षणाची सोय नाहीच असे नाही. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, शासनाची तमाशा प्रशिक्षण शिबिरेही भरतात. शिबिरांत गण, गवळण, लावणी यांवर भर असतो, आणि काही चांगली मुले तिथून आली आहेत. पण वायरमन, स्टेजवाला, मेखा ठोकणारा यांना तिथे ना गुरू म्हणून बोलावतात, ना शिष्य म्हणून. नाट्यशाळेत प्रकाशयोजना शिकलेल्या मुलाने एक हंगाम फडाबरोबर काढावा आणि फडाच्या वायरमनने महिनाभर त्या शाळेत शिकवावे, अशी देवघेव कोणी मनावर घेतली तर फार पैसा लागणार नाही. राहण्या-जेवण्याची सोय फडात असतेच, आणि पंगतीला चार पाने वाढली तर कोणी विचारत नाही.

चैत्रातल्या कालाष्टमीसारख्या तारखांसाठी यात्रा कमिट्या राहुटीत येऊन घासाघीस करतात. बाहेर फलकावर नाचणाऱ्यांचे मोठाले फोटो असतात. बोलणी चालतात ती तारीख, पैसे आणि बाया किती यांची. ढोलकीला कोण आहे, वग कोणता, मांडणी कोण करणार, हे विचारणारा पाटील आला तर मॅनेजर डायरी मिटून त्याला आधी चहा सांगेल.