तालीम आणि प्रयोग

तालमीवरून नाटक जोखू नये, हे मला माझ्याच प्रोग्रॅमनं शिकवलं. सोसायटीच्या हिशेबाचा हा प्रोग्रॅम व्हिज्युअल स्टुडिओत, डीबगरच्या नजरेखाली, फक्कड चाले. वार्षिक सभेच्या आदल्या रात्री नुसतं डबलक्लिक केलं, तर पडदाच वर जाईना! शोधायला गेलं की लपणाऱ्या दोषाला जिम ग्रे यांनी १९८५ च्या निबंधात 'हायझेनबग' म्हटलंय. मीही त्याच्यावर खापर फोडून मोकळा झालो. खरं कारण साधंच निघालं. डीबगर त्याला प्रोजेक्टच्या फोल्डरात उभा करी, दरपत्रकाची फाइल तिथंच. एरवी हा एक्झीच्या फोल्डरात, फाइलीवाचून मुका! फाइल शेजारी ठेवली, पडदा वर गेला. नट निर्दोष हो. प्रॉम्प्टरच्या जिवावर नाटक बसवणारा लेखकच कच्चा.