मालेगावचा सुपरमॅन आणि बिंग फुटण्याची गंमत

स्वस्तात काढलेला, अचाट कथेचा आणि जागोजाग फसलेला चित्रपट लोक आवडीने का पाहतात? 'डोके बाजूला ठेवून पाहायचा' असे त्याचे वर्णन नेहमी केले जाते. आम्हाला ते पटत नाही. असा चित्रपट पाहताना डोके नेहमीपेक्षा जास्तच चालते, असे आमचे म्हणणे आहे. मालेगावचे उदाहरण घेऊन ते तपासून पाहू.

यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. कॅमेरा सरकवायला रूळ नव्हते, तेव्हा सायकल वापरली. उंच न्यायला क्रेन नव्हती, तेव्हा बैलगाडी. पुढे या मंडळींनी सुपरमॅनच मालेगावात आणला. यंत्रमागावर काम करणारे, अंगाने काडीसारखे शफीक शेख त्यात सुपरमॅन झाले. त्या खटपटीची हकीकत फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात आहे. तो 2012 साली आपल्या चित्रपटगृहांत आला. शफीक तोवर कर्करोगाने गेले होते.

हा सुपरमॅन उडतो कसा? हिरव्या कापडासमोर नटाचे चित्रण करायचे. मग संगणक चित्राचा एकेक ठिपका तपासतो. हिरवा ठिपका आढळला की तो काढून त्या जागी आकाशाच्या चित्रातला ठिपका बसवतो. माणसाच्या कातडीत हिरवा रंग जवळजवळ नसतो आणि सुपरमॅनचा पोशाख निळा-तांबडा, त्यामुळे नट शाबूत राहतो. पण कापडाला सुरकुती पडली किंवा त्यावर सावली आली, की हिरव्याच्या अनेक छटा होतात आणि नटाच्या कडेला हिरवट किनार उरते. अंगावरचा उजेड एकीकडून आणि आकाशातला सूर्य दुसरीकडे, असेही होते.

प्रेक्षक हसतो तो इथे. पण हसण्याआधी त्याने काय केले ते पाहा. खरे उडणे कसे दिसावे याची एक कल्पना त्याच्या मनात आहे. पडद्यावरचे दृश्य त्याने त्या कल्पनेशी ताडून पाहिले आणि फरक हेरला. निरीक्षण, अपेक्षा, तुलना, निष्कर्ष: प्रयोगवहीतल्या पायऱ्या याच. चूक पकडल्याचा आनंद आणि 'हे तर आपणही करू शकू' हा दिलासा, हेच या चित्रपटांचे आकर्षण आहे.

महागड्या चित्रपटात ही सोय नसते. 1978 सालच्या हॉलिवूडच्या 'सुपरमॅन'मध्ये उंच इमारतीवरून पडणाऱ्या लॉइस लेनला सुपरमॅन खालून वर उडत येऊन झेलतो. दृश्य इतके सफाईदार आहे की शंका येत नाही. जरा हिशेब करू. समजा, ती 45 मीटर पडली. g चे मूल्य 10 धरले, तर तिचा वेग सेकंदाला 30 मीटर होतो. सुपरमॅन हवेत स्थिर आहे आणि त्याच्या हातांनी तिला 30 सेंटिमीटरमध्ये थांबवले असे धरू. मंदन येते 1500, म्हणजे g च्या 150 पट! बाई जमिनीवर आपटण्याऐवजी हातांवर आपटली, एवढेच. शिवाय तो वर येत असेल तर धडक आणखी जोराची. खरे तर त्याने तिच्याबरोबर खाली येत, झेल घेणारा खेळाडू हात मागे नेतो तसे, तिला हळूहळू थांबवायला हवे होते. त्यासाठी आणखी 45 मीटर मिळाले तर मंदन g इतकेच भरते.

म्हणजे स्वस्त चित्रपटाची चूक बांधणीत असते आणि ती डोळ्यांना दिसते. महागड्याची चूक कल्पनेत असते. बांधणीवरचा पैसा तिला झाकतो.

पालम येथे शिक्षकांशी बोलताना आम्ही हे मांडले, तेव्हा एका बाईंनी नेमका प्रश्न विचारला: "चूक दिसली की शंका येते असे म्हणता, मग आमच्याकडे भानामतीवर विश्वास कसा बसतो? त्यातली लबाडी तर पुष्कळदा उघडी असते." हा आक्षेप खरा आहे, आणि चित्रपटांतूनही त्याला पुरावा मिळतो. 1975 सालचा 'जय संतोषी माँ' कमी खर्चातला होता, त्यातले चमत्कारही साधेच. तरी प्रेक्षक चित्रपटगृहात चपला काढून बसत, पडद्याकडे फुले आणि नाणी टाकत. बिंग दिसत होते, पण कोणी हसले नाही.

तेव्हा आमचे मत थोडे दुरुस्त करून मांडायला हवे. दोष दिसणे पुरेसे नाही. त्यावर हसायची मुभाही लागते. मालेगावचा चित्रपट ती मुभा स्वतःहून देतो. गावातल्या माणसांनी गावासाठी काढलेला तो चित्रपट आधी स्वतःलाच हसतो. त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांचे हसणे आपुलकीचे असते. शहरात बसून 'बिचारे खेडवळ' म्हणून हसणे वेगळे, आणि त्यात शिकण्यासारखे काही नाही. भानामतीपुढे मात्र हसणाऱ्याला भीती घातलेली असते.

वर्गालाही हेच लागू आहे. रिकाम्या बाटल्या, सायकलची ट्यूब आणि खराट्याच्या काड्या यांचे उपकरण मुलांना बंद पेटीतल्या चकचकीत उपकरणापेक्षा जास्त शिकवते, कारण त्याचे सांधे दिसतात. पण ते फसले तेव्हा मूल हसले आणि आपण डोळे वटारले, तर त्या उपकरणाचाही देव्हारा होतो. पुढच्या वेळी मुले टीव्हीवरच्या एखाद्या अचाट चित्रपटाबद्दल सांगू लागली, तर त्यांना गप्प करू नका. 'कुठे हसलात?' एवढे विचारा, आणि मग 'का?' हे फळ्यावर लिहा.