कलहाचे स्वामित्व

नॉर्वेचे गुन्हाशास्त्रज्ञ निल्स क्रिस्ती यांचा, कलहाला मालमत्ता मानणारा १९७७ सालचा निबंध पुनःस्थापक न्यायविचाराचा आधारग्रंथच गणला जातो. तंटा हा तंटेकऱ्यांच्या मालकीचा असून शासन व वकीलवर्ग तो त्यांजपासून हिरावून घेतात, हे त्यांचे प्रतिपादन. फौजदारी खटल्यात पीडिताला जवळजवळ स्थानच उरत नाही, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे.

परंतु त्यांचा दृष्टान्त पाहावा. टांझानियातील आरुशाकडील एक खेडे. मोडलेला वाङ्निश्चय, परत मागितलेल्या भेटी. मध्यभागी उभयता, भोवती आप्त व ग्रामस्थ, आणि न्यायाधीश बहुतेक मूक. चित्र मनोहर खरेच. पण वाद दिवाणी स्वरूपाचा! त्यावरून गुन्ह्यांकडे वळताना मधली पायरी गळते. मार खाणारी पत्नी त्याच मध्यभागी उभी केली, तर भोवतीचे आप्त बहुधा पतीचेच असतील. कलह तिचा, हे मान्य. पण तो मांडण्याचे बळ तिने कोठून आणावे? तेथे न्यायाधीशाचे मौन तटस्थ राहत नाही. कायदा मोडला की नाही हे आधी ठरवावे, ही अट क्रिस्ती घालतात. तथापि भीतीने दबलेल्या पक्षाचा विचार त्यांनी पुरेसा केलेला नाही. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने बालगुन्हेगारांसाठी कुटुंबपरिषद योजिली, तेव्हा ती भरविण्याचे काम शासकीय संयोजकाकडे दिले.