खुर्चीवरून उतरलेले न्यायाधीश

मंडळी, अवसरी खुर्दला येऊन चर्चेतल्या सभ्यतेवर बोलायचं, आणि त्यासाठी नाटक उघडायचं, हे थोडं आडवळणाचं वाटेल. पण विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घडतं ते अशाच एका गावातल्या सभागृहात. मुंबईहून एक हौशी नाटक मंडळी प्रयोगासाठी आलेली. वेळ आहे म्हणून खोटा खटला मांडायचा ठरतं. आरोपी कोण? त्यांच्यातलीच शिक्षिका, लीला बेणारे. १९६७ साली ‘रंगायन’ने हे नाटक केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, बेणारे सुलभा देशपांडे.

हे नाटक बहुतेकदा स्त्रीच्या छळाचं म्हणून वाचलं जातं. ते बरोबरच आहे. आम्हाला मात्र ते एका बिघडलेल्या बैठकीचंही नाटक वाटतं, आणि त्या अंगाने त्याची समीक्षा फारशी होत नाही.

आता बघा, या कोर्टात शिस्तीची कमतरता अजिबात नाही. न्यायाधीश आहेत, हातोडा आहे, साक्षीदारांचा पिंजरा आहे, वकिलाच्या अंगावर काळा डगला आहे. शांततेचा पुकारा तर सारखा चालू. कुणी आईमाईवरून बोलत नाही. तरीही एका बाईचं खाजगी आयुष्य सगळ्यांदेखत सोललं जातं, आणि तेही रीतसर! आपण सभ्यता म्हणजे आवाज खाली ठेवणं असं धरून चालतो ना, त्या समजुतीला तेंडुलकर इथे सुरुंग लावतात.

दोन जागा आम्हाला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली, सुखात्मे. फिर्यादीचा वकील तोच आणि आरोपीचा वकीलही तोच. प्रेक्षक हसतात, पण त्या हसण्यातच ठरून जातं की बेणारेच्या बाजूने कुणी उभं राहणार नाही. दुसरी जागा त्याहून भयंकर. न्यायाधीश काशीकर चक्क आसन सोडतात आणि स्वतः साक्ष द्यायला उभे राहतात. साक्ष देऊन पुन्हा न्यायाला बसायला मोकळे! त्या क्षणी खोटं का होईना, जे कोर्ट होतं ते संपलं. उरली ती टोळी.

हे नाटकातच होतं असं नाही. ग्रामसभेत बहुतेकदा सरपंच अध्यक्षस्थानी असतात आणि खर्चाचा हिशोबही त्यांनाच विचारायचा असतो. विचारणाऱ्याला ‘विषयाला धरून बोला’ असं सांगणारा माणूस आणि उत्तर द्यायला बांधील असलेला माणूस एकच. अशा वेळी त्या विषयापुरती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्यावी, एवढी साधी गोष्ट आहे. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे, ती आम्हाला याच कारणासाठी शहाणपणाची वाटते. भरसभेत गप्प बसवता येणाऱ्यांना आधी एक जागा मिळते. ती सभा फक्त सह्यांपुरती उरकली, तर मात्र सुखात्म्यांचा डगलाच.

बेणारेला बोलायला किती वेळ मिळतो? दहा सेकंद. आणि ती मनातलं सगळं बोलते तेव्हा बाकीचे जागच्या जागी गोठलेले असतात; म्हणजे ऐकतो फक्त प्रेक्षक. काही जणांना ते स्वगत लांबलेलं वाटतं. आमचं मत उलट आहे. इतका वेळ तिला बोलू दिलं नाही, त्याचं ते व्याज आहे.

नाटकाची एक बाजू आम्हाला कमकुवत वाटते. मंडळातली माणसं जरा जास्तच एका रंगात रंगवली आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याला मनातून लाज वाटली असती, तर गोष्ट आणखी जवळ आली असती. ती जागा सामंत थोडीफार भरतो. हा गावातला भोळा, परका माणूस. पण खेळात घेतलं या आनंदात हातातल्या कादंबरीतून रचून तोही साक्ष देतो. नवख्याचं स्वागत झालं खरं, पण कशासाठी? शेवटी सगळे ‘खेळच होता’ म्हणून प्रयोगाच्या तयारीला लागतात, आणि सामंत तिच्याजवळ कापडी हिरवा पोपट ठेवून निघून जातो. बोलत तोही काही नाही.