अनामिकतेचा प्रश्न : ओवी, कथा आणि अंकीय संग्रह

लोकवाङ्मयाच्या विवेचनात अनामिकता हे त्याचे मूलभूत लक्षण म्हणून गृहीत धरले जाते. ते वाङ्मयाचे लक्षण आहे की संकलनपद्धतीचे, हा प्रश्न मात्र क्वचितच उपस्थित होतो. जात्यावरील ओव्यांच्या अंकीय संग्रहामुळे आता तो टाळता येणार नाही.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्याहून १९८० च्या दशकात आरंभिलेल्या या कार्यात १ हजाराहून अधिक गावांतील स्त्रियांच्या १ लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्या प्रसृत केल्या. ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव येते. ‘लोक’ ही समूहवाचक संज्ञा येथे सैल पडते. सीतेचा वनवास दोघींच्या तोंडी वेगळा का होतो, हा आता शैलीचा प्रश्न ठरतो.

कथेच्या बाबतीत हे भान जुने आहे. मेरी फ्रिअर यांच्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ (१८६८) या संग्रहात कथा सांगणारी आया ॲना लिबराता डिसोझा हिचे नावच नव्हे, तर आत्मकथनही आहे. अर्थात कथा तिने इंग्रजीत सांगितल्या. नाव टिकले, बोली गेली. ध्वनिमुद्रणाने ही हानी टळते.

दुसरी सहजी टळत नाही. संग्रहातील वर्गीकरण आशयानुसार आहे. अभ्यासकाला ते सोयीचेच. परंतु दळताना आईच्या ओवीमागून सासरची, तिच्यामागून विठ्ठलाची ओवी येते, तेव्हा त्या क्रमातही अर्थ घडत असतो. शोध घेणाऱ्याला ‘भाऊ’ सापडतो; भावाची आठवण कशामागून आली, ते सापडत नाही. म्हणून जेथे ध्वनिफीत आहे तेथे तीच संहिता आणि वर्गीकृत नोंद ही तिची सूची मानली पाहिजे. प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते.

नवी मुंबईत तळवली-घणसोली पट्ट्यातील आगरी समाजाच्या धवल्याबाबत हा पेच अधिकच बिकट होतो. धवला हे विवाहविधीचे गीत. ते गाणारी धवलारीण गायिका असते आणि पुरोहितही. नोंदीच्या रकान्यात तिचे नाव सहज बसेल. कोणते कडवे विधीच्या कोणत्या क्षणी, कोणाला हळद लागत असताना गायले गेले, यासाठी मात्र वेगळा रकाना आखावा लागेल. तो आखताना धवलारणीचाच सल्ला घेणे प्राप्त आहे. लग्नमंडपाबाहेर, ध्वनियंत्रासमोर काय गाऊ नये, हेही तिलाच विचारावे लागेल.